गाडीतला एसी आणि हीटर एकाच पेटीत असतात, आणि बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे

मी जळगावला गाड्यांच्या एसीचं काम करतो, आणि दुकानावर सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारं वाक्य म्हणजे "आपल्याकडे हीटर काय कामाचा भो, वरून सूर्य काय कमी तापतोय का". बोलणाऱ्याचं चुकतं असं नाही, मे महिन्यात भुसावळला ४५-४६ अंश ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. पण तोच माणूस जानेवारीत पहाटे रावेरकडे केळीचा माल बघायला निघतो तेव्हा एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने काच पुसत चाललेला असतो, आणि धुळ्याला तर काही वर्षी पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे आपल्या गाडीला एका वर्षात चाळीस अंशांचा फरक झेलायचा असतो, आणि ते काम एसी आणि हीटर दोघं मिळून करतात, वेगवेगळे नाही. हे लोकांना माहीतच नसतं, त्यामुळे गाडी गार होत नाही म्हटलं की सरळ गॅस भरायला येतात, आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांमध्ये दोष गार बाजूला नसतोच, गरम बाजूला असतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी गरमी येते कुठून ते बघू. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांपर्यंत जाते, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या भोवती फिरणाऱ्या कूलंटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पातळ द्रवातून, बाहेर पडते. हे कूलंट चालू गाडीत साधारण ९० अंशांच्या आसपास असतं. त्याचा एक फाटा रेडिएटरकडे जातो, जिथे ते हवेने गार होतं, आणि दुसरा फाटा दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे, तिथे एक छोटा रेडिएटरच बसवलेला असतो, त्याला हीटर कोर म्हणतात, आमच्याकडे हीटर कॉइलही म्हणतात. ब्लोअरची, म्हणजे आतल्या पंख्याची, हवा त्याच्या जाळीतून गेली की गरम होते. झालं, हाच हीटर. त्याच्यासाठी वेगळं इंधन जळत नाही, जी उष्णता नाहीतरी बाहेर फेकायची होती तीच आत घेतली. एसीचं तसं नाही, एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर इंजिनच फिरवतं, त्यामुळे एसीचा खर्च पेट्रोलमध्ये दिसतो, छोट्या गाडीत तर पिकअपमध्येही लगेच कळतं.

आता या सगळ्यात एक वस्तू आहे जिच्याबद्दल मला खरंच तळमळीने सांगावंसं वाटतं, ती म्हणजे थर्मोस्टॅट. मुठीत मावेल एवढा पितळी तुकडा, त्याला एक स्प्रिंग, आणि मधल्या डबीत मेण भरलेलं. त्याच्यावर बारीक अक्षरात ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो, तो उघडण्याचा तापमानाचा आकडा. इंजिन थंड असताना हा वॉल्व्ह बंद असतो, कूलंट रेडिएटरकडे जाऊच देत नाही, फक्त इंजिन आणि हीटर कोर एवढ्यातच फिरवत ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं आणि सकाळी हीटरही लवकर लागतो. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, वॉल्व्ह उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे वाहायला लागतं. विश्वास बसत नसेल तर पातेल्यात पाणी ठेवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका आणि खाली गॅस पेटवा, पाणी नुसतं कोमट असेपर्यंत काही होत नाही, आणि मग ८२ च्या पुढे गेलं की तबकडी हळूहळू उचलायला लागते आणि उकळी फुटायच्या आत सात-आठ मिलिमीटर उघडलेली असते. ना वायर ना सेन्सर, नुसत्या मेणावर चालणारं हे काम आहे आणि मला आजही ते बघायला आवडतं. अलीकडच्या काही गाड्यांत याला बाहेरून करंट देऊन कमी-जास्त उघडायची सोय असते पण मूळ तत्त्व तेच.

आणि आपल्याकडे काय होतं? उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकायचा. "आपल्या भागात लागत नाही" असं सांगून काढतात, आणि मालक खूश होतो कारण तापमानाचा काटा खाली राहतो. पण आता कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरकडे पळतंय, थंडीत हायवेला तर इंजिन ६०-६५ च्या वर जातच नाही, इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंडच आहे म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये ओल राहते, इंजिनची झीज वाढते, हीटरला कोमट हवा येते आणि बऱ्याच नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवाही लागतो, स्कॅनर लावला की पी-०१२८ असा कोड दिसतो. आणि गाडी ज्या कारणाने तापत होती, मग ते चोक झालेला रेडिएटर असो, बंद पडलेला फॅन असो की सुटत आलेलं हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, असो, ते कारण आत तसंच राहतं, फक्त काही दिवस झाकलं जातं. थर्मोस्टॅट खराब झाला तर नवीन टाका, बहुतेक गाड्यांत तो फार महागाचा पार्ट नाही. काढून मात्र टाकू नका.

दुसरं दुखणं पाण्याचं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते घरच्या नळाच्या तोट्यांवरच दिसतं, आणि तेच पाणी लोक रेडिएटरमध्ये ओततात. मागच्या थंडीत शिरपूरकडची एक गाडी आली होती, पूर्ण डॅशबोर्ड खोलून हीटर कोर बाहेर काढला तेव्हा दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी पांढरी पापडी जमलेली, बोटाने खरवडली तर पापुद्रा निघत होता, एका बाजूने पाणी सोडलं तर दुसऱ्या बाजूने नुसते थेंब. हीटर कोरच्या नळ्या बारीक असल्यामुळे क्षार बसला की त्या लवकर चोक होतात. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही, त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं आणि गंज रोखणारी रसायनं असतात, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उकळतंही उशिरा, आणि सिस्टिममधल्या दाबामुळे अजून उशिरा. आपल्याला बर्फाची भीती नाही म्हणून कूलंट नको असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आपल्याला ते उकळण्यासाठी आणि गंजासाठी हवंय.

हीटर कोर गळायला लागला तर पुढच्या सीटखालची मॅट ओली होते, केबिनमध्ये गोडसर वास येतो आणि काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धुकं धरतं, असं दिसलं की थांबू नका. डॅशबोर्ड उतरवायची मजुरी जास्त असते म्हणून बरेच जण हीटरचे दोन्ही पाइप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून बायपास करतात. तात्पुरतं ठीक, घरी पोहोचायला. पण त्याने हीटर तर जातोच, शिवाय एक अडचणीत कामाला येणारी गोष्टही जाते.

ती अशी. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पुढे ट्रॅफिक, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला, एसी चालू आणि काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, काचा खाली करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा. ऐकायला वेडेपणा वाटतो आणि आत बसलेले लोक ओरडतात, पण हीटर कोर हा छोटा का होईना दुसरा रेडिएटर आहे, त्याच्यातून जेवढी उष्णता तुमच्या पायाशी आली तेवढी इंजिनमधून कमी झाली. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं आणि झाकण सुटताच ते तोंडावर येतं. भाजलेले हात मी पाहिलेत.

आता गार बाजू, ही थोडक्यात सांगतो कारण घरच्या फ्रिजमध्येही तत्त्व हेच असतं. आर-१३४ए नावाचा गॅस, नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ. कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो, पुढच्या ग्रिलमागच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेने त्याची उष्णता निघून तो द्रव होतो, मग एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की दाब एकदम पडतो आणि तो कूलिंग कॉइलमध्ये उकळायला लागतो, मोकळ्या हवेच्या दाबाला आर-१३४ए उणे २६ अंशांनाच उकळतो, आणि उकळताना कॉइलवरून जाणाऱ्या हवेची उष्णता ओढून घेतो. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिला शून्याच्या थोडं वरच ठेवतात. आपल्याकडची अडचण कंडेन्सरची असते, बाहेरच ४५ अंश म्हटल्यावर गॅसला थंड कोण करणार, मेमध्ये हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरपुढच्या जास्त दाबाच्या बाजूचा, काटा अडीचशे पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर सहज जातो, आणि त्यात कंडेन्सरच्या जाळीत काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू आणि किडे अडकलेले. निम्म्या गाड्यांना साध्या पाण्याच्या पाइपने कंडेन्सर धुतला तरी फरक पडतो, फक्त वॉशिंगवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पात्या वाकतात.

आणि एक गोष्ट, गॅस संपत नसतो. ती बंद सिस्टिम आहे, रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो तेवढाच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे आणि ते शोधल्याशिवाय भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

आता मुख्य गोष्टीवर येतो. डॅशबोर्डच्या मागे काळ्या प्लॅस्टिकची एक पेटी असते, आणि ही कूलिंग कॉइल आणि तो हीटर कोर दोन्ही त्याच पेटीत, एकापाठोपाठ बसवलेले असतात. एका बाजूने ब्लोअर हवा ढकलतो, हवा आधी केबिन फिल्टरमधून आणि कूलिंग कॉइलमधून जाते, मग तिच्यापुढे एक झडप येते, ती हवेचे दोन भाग करते, एक भाग हीटर कोरमधून जातो आणि दुसरा त्याला वळसा घालून, आणि पुढे दोन्ही मिसळून तुमच्या तोंडावर येतात. आंघोळीच्या बादलीत आपण गीझरचं आणि नळाचं पाणी जसं मिसळतो तसंच. तुम्ही तापमानाचा जो निळा-लाल नॉब फिरवता तो साध्या गाडीत ही झडपच हलवतो, त्याने एसी जास्त गार होत नाही की इंजिन जास्त तापत नाही. म्हणून एसी चालू ठेवून नॉब मधोमध ठेवला तर गाडी आधी हवा गार करते आणि मग तीच हवा थोडी गरम करते. गरमी आणि गारवा एकाच पेटीत आणायची कल्पना जुनी आहे, १९४० च्या पॅकार्ड गाडीत एसीचं धूड मागे होतं आणि डिकीची बरीच जागा खायचं, मग १९५४ मध्ये अमेरिकेतल्याच नॅश कंपनीने हीटर आणि एसी एकत्र करून पुढे आणले, आणि आजही मूळ आराखडा जवळपास तोच आहे.

आता लक्षात घ्या, बऱ्याच आधुनिक गाड्यांमध्ये हीटर कोरमधून गरम कूलंट बाराही महिने वाहत असतं, भर मेमध्येसुद्धा, त्याला फक्त झडपेने झाकलेलं असतं. त्या झडपेची केबल ढिली झाली, किंवा ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा प्लॅस्टिकचा दात तुटला, किंवा झडपेच्या कडेचा फोम झडून गेला की गरम हवा गार हवेत मिसळत राहते. परवा एरंडोलचे एक आप्पा आले होते, "दोनदा गॅस भरला भाऊ, तरी कोमटच येते, तिसऱ्यांदा भरून द्या." गेज लावलं तर दाब बरोबर, कूलिंग कॉइलकडे जाणारा पाइप हाताला थंडगार. मग बॉनेटमधले हीटरचे दोन रबरी पाइप क्लॅम्पने हलकेच दाबून बंद केले, आप्पांना सांगितलं जाळीवर हात धरून बसा, आणि पाच-सात मिनिटांत त्यांचा चेहराच बदलला, हवा गार यायला लागली होती. म्हणजे झडप पूर्ण मिटत नव्हती. गॅसचा एक ग्रॅमही लागला नाही. तुमच्याही गाडीत असं होत असेल तर गॅस भरायला हो म्हणायच्या आधी मेकॅनिकला हे पाइप दाबून बघायला सांगा. जास्तीचा गॅस भरला तर दाब वाढून कूलिंग उलट कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो तो वेगळा. डॅशबोर्डमागून गाडी चालू करताना टक-टक-टक आवाज येत असेल तर तोही बहुतेक वेळा या झडपेच्या मोटरचाच.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमध्ये हीच झडप तुमच्याऐवजी कॉम्प्युटर हलवतो, अशी आपोआप तापमान सांभाळायची सोय १९६४ मध्ये कॅडिलॅकने पहिल्यांदा दिली. तुम्ही २४ लावलं की तो आतलं तापमान बघतो, त्याच्यासाठी स्टिअरिंगच्या जवळपास एक बारीक जाळी असते आणि तिच्यातून केबिनची थोडी हवा सेन्सरवर ओढली जाते. बाहेरचं तापमान पुढच्या बंपरमागून घेतो. आणि बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर काचेजवळ काळी छोटी घुमटी असते, ती ऊन मोजते, कारण हवा २४ ची असली तरी अंगावर ऊन असेल तर माणसाला जास्त गारवा लागतो. आपल्याकडे डॅशबोर्डवर मनुदेवीची किंवा गणपतीची मूर्ती असते, खाली मखमली मॅट असते, असायलाच पाहिजे, फक्त ती त्या घुमटीवर आणि त्या जाळीवर येऊ देऊ नका, नाहीतर गाडीला वाटतं बाहेर सावलीच आहे. आणि उन्हात उभ्या गाडीत बसताच १६ वर किंवा लो वर नेल्याने सुरुवातीचा गारवा लवकर येत नाही, आत साठच्या वर तापमान असताना २४ लावलं तरी सिस्टिम फुल जोरातच काम करते. त्यापेक्षा आधी मिनिटभर सगळ्या काचा उघडून गाडी चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा आतच फिरवण्याचं बटण दाबा, फरक लगेच कळतो. थंडीत उलटं दिसेल, ऑटोवर असलेली गाडी सुरुवातीला ब्लोअर मुद्दामच हळू ठेवते, कूलंट तापल्याशिवाय थंड हवा अंगावर मारून उपयोग काय. ब्लोअर खराब झालाय म्हणून दुकानावर येणाऱ्यांपैकी काहींना मी एवढंच सांगून परत पाठवतो. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल आणि १-२-३ वर मुका असेल तर मात्र त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालाय, छोटं काम आहे.

काचेवरच्या धुक्याबद्दल प्रत्येक थंडीत आणि प्रत्येक पावसाळ्यात लोक विचारतात. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, ५ अंशांच्या हवेत सातेक ग्रॅमच. आत चार-पाच माणसं श्वास घेतायत, कपडे ओले आहेत, ती दमट हवा थंड काचेला लागली की पाणी सुटतं. इथेच एसी आणि हीटर एकाच पेटीत असण्याचा खरा फायदा आहे, दोन्ही एकत्र लावा, कूलिंग कॉइल हवेतलं पाणी काढून घेते, ते नळीतून गाडीखाली गळतं, मग तीच कोरडी हवा हीटर कोरवर गरम होऊन काचेवर जाते आणि धुकं बघता बघता निघतं. म्हणूनच पुढच्या काचेचं बटण दाबलं की बहुतेक गाड्यांत एसी आपोआप सुरू होतो, तो बिघाड नाही. सोबत बाहेरची हवा घ्यायचं बटण चालू ठेवा. आणि श्रावणात तोरणमाळला चढताना धुकं काचेच्या बाहेरून धरत असेल तर कारण उलटं आहे, तुमच्या एसीने काच गार झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर थिजली, तेव्हा काचेवर जाणारी गार हवा बंद करा, तापमान वाढवा आणि एकदा वायपर फिरवा.

आतलीच हवा फिरवत ठेवायचं बटण तासन् तास दाबून ठेवू नका हेही सांगायचंय. जळगावहून पुण्याला रात्रीचं निघणारी मंडळी पाच जण, काचा बंद, आतलीच हवा, त्यात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, डोकं जड होतं, झोप येते, आणि स्टिअरिंगवाल्यालाही येते. अधूनमधून बाहेरची हवा घ्या. बंद गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपणं तर जीवावर बेतणारं आहे, सायलेन्सरचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

ट्रकवाल्यांसाठी एक चांगली गोष्ट झालीय. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते मिळतात, तिथल्या ढाब्यांवर दुपारी ड्रायव्हर लोक ट्रकच्या खाली सावलीला झोपलेले दिसतात, कारण केबिन इंजिनच्या डोक्यावरच बसलेली, वरून ऊन आणि खालून इंजिन. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, ४५ अंशांत दहा-बारा तास गाडी हाकणाऱ्या माणसाला गारवा ही चैन नाही.

राहिली इलेक्ट्रिक गाडी. तिच्यात फुकटची उष्णता फारशी नसते, मोटर इंजिनइतकी तापत नाही, मग हीटरसाठी बॅटरीतून वीज घ्यावी लागते. एक पद्धत पीटीसी हीटरची, त्यातल्या सिरॅमिकच्या चकत्या तापल्या की त्यांचा विजेचा रोध वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो, म्हणजे जळण्याची भीती कमी, पण तो काही किलोवॅट सहज खातो. दुसरी पद्धत हीट पंपाची, एसीच उलटा चालवायचा, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणायची, एक युनिट विजेत दोन-तीन युनिटची उष्णता मिळते. थंड देशांत यावर गाडीची रेंज ठरते, आपल्याकडे हीटर थोडेच दिवस लागतो म्हणून खान्देशात इलेक्ट्रिक गाडी घेताना हीट पंप आहे का यापेक्षा बॅटरीला लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रव फिरवून गार करायची सोय, आहे का हे आधी विचारा, कारण तशा बऱ्याच गाड्यांत एकच कॉम्प्रेसर केबिनही गार करतो आणि बॅटरीही, आणि मेमध्ये भर दुपारी फास्ट चार्जिंगला लावली तर तो आधी बॅटरीकडे बघतो, आतला गारवा कमी झाल्यासारखा वाटतो, तो बिघाड नसतो. आणि निघायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, गाडी घरच्या चार्जरला असतानाच मोबाइलवरून एसी चालू करता येत असेल तर करा, गाडी गार करायला सुरुवातीला जी सगळ्यात जास्त वीज लागते ती मग बरीचशी घरच्या मीटरवरून येते आणि बॅटरी रस्त्यासाठी शिल्लक राहते.